शेवटच्या मजल्यावरची थंडी आणि हीटरचं बिल

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पाषाणला चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर फ्लॅट. इमारत १९९६ सालची, आरसीसी सांगाडा, बाहेरच्या भिंती नऊ इंची विटांच्या. ईशान्य कोपऱ्यातली खोली आईंची, त्यांचं वय ७८. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खोलीत १६-१७ अंश. दोन हजार वॅटचा हीटर आणला, बिल भडकलं, आणि हीटर बंद केला की पंधरा मिनिटांत खोली पुन्हा गार. कमी खर्चात सिमेंटचं घर उबदार कसं ठेवायचं?

तुमचा हीटर बिघडलेला नाही. त्याला काम चुकीचं दिलंय.

आईंची खोली १० बाय १२ ची धरू, उंची साडेनऊ फूट. त्या खोलीतल्या सगळ्या हवेचं वजन भरतं जेमतेम ३८ किलो. ती दहा अंशांनी तापवायला एक अष्टमांश युनिटसुद्धा लागत नाही. तुमचा हीटर ते काम चार-पाच मिनिटांत उरकतो. म्हणून लावल्या लावल्या बरं वाटतं. पण वर पाच इंची स्लॅब, खाली फरशी आणि तिच्याखाली दुसरी स्लॅब, चहूबाजूंना विटा आणि गिलावा, असा पंधरा-अठरा टनांचा ऐवज त्या हवेला वेढून बसलेला असतो. हा ऐवज नुसता एका अंशाने तापवायला साडेतीन-चार युनिट लागतात. पाच अंशांनी तापवायचा तर सतरा-वीस युनिट, आणि तेही बाहेर काहीच गळत नाही असं धरून. हीटर बंद झाला की गार भिंती ती ३८ किलो हवा बघता बघता आपल्यासारखी करून टाकतात. शिवाय अंगाला हवेइतकीच भिंत जाणवते. हवा २२ अंश आणि भिंती-छत १६ अंश असेल तर माणसाला साधारण १९ अंशांत बसल्यासारखं वाटतं. थर्मामीटर चांगला आकडा दाखवतो आणि आई म्हणतात, "गारच वाटतंय रे." दोघंही खरं बोलत असतात.

बांधकामात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली निम्मी छपरं आणि भिंतींच्या इन्सुलेशनच्या कामात. त्या अनुभवावरून सांगतो, पुण्यात भिंती तापवायचं काम उन्हाकडे द्यायचं आणि विजेने फक्त माणूस गरम करायचा. हे उलटं केलं की बिल येतं.

आणि पुण्यात हे जमतं, कारण आपली थंडी रात्रीची आहे. पुण्याचा आजवरचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश, पण एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे ९ ते १२ अंश आणि त्याच दिवशी दुपारी तीनला २८-२९ अंश. दिल्लीत धुक्यामुळे दिवसही गारठलेला असतो, तिथले उपाय इथे लावून उपयोग नाही. आपल्याकडे रोज दुपारी बाहेर फुकटची ऊब उभी असते, फक्त तिला घरात घ्यायचं.

इथेच आपण चुकतो. सकाळी सातला, बाहेर दहा अंश असताना, "ताजी हवा येऊ दे" म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडतो. दुपारी एक ते चार धूळ नको, उजेड नको, म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि वामकुक्षी. म्हणजे गार हवा आत आणि गरम हवा बाहेर, असा कार्यक्रम आपणच ठरवलेला. तो उलटा करा. सकाळी दहापर्यंत खिडक्या बंद. अकराच्या सुमारास बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होते. तेव्हापासून साडेचारपर्यंत समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. पाचच्या आत बंद, पडदे ओढून. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पारा भराभर उतरतो, त्यामुळे पाचची वेळ पाळा. आईंच्या ईशान्येच्या खोलीत दुपारी २१-२२ अंशच असतील. तिथे २८ अंशांची हवा पाच-सहा तास खेळली तर भिंतींनाही एक-दोन अंश मिळतात. वर काढलेला हिशोब आठवा: एक अंश म्हणजे साडेतीन-चार युनिट. रोज, फुकट.

दुसरा उपाय ऐकून लोक नाराज होतात, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही. आईंची खोली बदला. ईशान्येची खोली थंडीत घरातली सगळ्यात गार. कोवळं ऊन तासभर येतं आणि जातं, त्यानंतर भिंती दिवसभर सावलीत. २२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो आणि दक्षिणेकडून नैर्ऋत्येला उतरत जातो. म्हणजे दक्षिण आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर ऊन जवळजवळ समोरून पडतं. नऊ इंची विटांच्या भिंतीतून ती ऊब आत पोचायला सहा-आठ तास लागतात. दुपारी दोनचं ऊन रात्री नऊ-दहाला पलंगाशी येतं, अगदी हवं तेव्हा. संक्रांत उलटून फेब्रुवारी मध्यावर येईपर्यंत आईंना नैर्ऋत्येच्या खोलीत झोपवा, तिथल्या तरुण मंडळींना ईशान्येला पाठवा. होळी जळाली, थंडी पळाली, की परत अदलाबदल. एप्रिल-मेमध्ये ती नैर्ऋत्येची खोली भट्टी होते आणि ईशान्येची सुखाची. सदाशिव पेठेतल्या आमच्या आजोबांच्या वाड्यात ऋतूप्रमाणे अंथरुणं हलायचीच. थंडीत सगळे माजघरात, कारण माजघराची एकही भिंत बाहेरच्या हवेला लागत नसे. फ्लॅटमध्ये आपण प्रत्येकाची खोली नावावर करून टाकली आणि ही सोय घालवली.

खोली बदलणं शक्यच नसेल तर निदान पलंग हलवा. डोकं बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर ते आतल्या भिंतीकडे न्या. कपाट, पुस्तकांचं फडताळ बाहेरच्या भिंतीला लावा, पण मागे दोन इंच जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात मागून बुरशी धरते.

दक्षिणेची खिडकी ही तर घरातली शेगडी. चार बाय चारची खिडकी, वर दीड फुटाचा छज्जा. भर दुपारी छज्जाची सावली सुमारे वीस इंच खाली उतरते, बाकीच्या काचेतून ऊन आत. दहा ते चार मिळून साधारण दोन युनिटांइतकी उष्णता आत येते. मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा याच खिडकीत ऊन येत नाही. म्हणून दक्षिणेच्या काचेला काळी फिल्म लावू नका. ज्यांनी उन्हाळ्यासाठी लावली त्यांनी थंडीतली ही शेगडी विझवली. पश्चिमेला लावा हवं तर. आणि हे ऊन जिथे जमिनीवर पडतं तिथली सतरंजी दिवसा गुंडाळून ठेवा. फरशीवर पडलेलं ऊन फरशीत आणि खालच्या स्लॅबमध्ये मुरतं. सतरंजीवर पडलेलं वरच्या वर हवेत जातं आणि उघड्या खिडकीतून बाहेर. संध्याकाळी पाचला सतरंजी पुन्हा पसरा, म्हणजे पायाला गार लागत नाही. हे मी कितीतरी घरी सांगितलं. ऐकतात फक्त आज्या.

आता गळती. एका पहाटे पाच वाजता पंखे बंद करून उदबत्ती पेटवा आणि धूर खिडकीच्या कडेकडेने फिरवा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीत दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे आणि खालच्या ट्रॅकपाशी धूर आडवा होईल. त्या झडपांच्या कडेला केसाळ पट्टी असते, तिला कारागीर वूल पाइल म्हणतात. १९९६ च्या खिडक्यांची ती केव्हाच झिजून गेलेली असणार. अॅल्युमिनियमच्या दुकानात ती मीटरवर मिळते, जुनी ओढून काढायची, नवी खाचेत सरकवायची. एका खिडकीला अर्धा तास. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पावसाचं पाणी जायला भोकं असतात, ती मात्र बुजवू नका, नाहीतर जूनमध्ये पाणी घरात. दाराखालच्या फटीला जुन्या गोधडीची गुंडाळी पुरते. पडदा जाड हवा, काचेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त आणि जमिनीपर्यंत. खिडकीच्या तळाशी लटकणारा पडदा काचेजवळची गार हवा खालून खोलीत सोडत राहतो.

बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या कायम उघड्याच असतात. त्या बंद करायच्या नाहीत. रात्री बाथरूमचं दार लावून घ्यायचं, बस. आत गॅस गीझर असेल तर त्या पट्ट्यांवर तुमचा जीव आहे. स्वयंपाकघरात पाइप गॅससाठी भिंतीत ठेवलेलं भोकही तसंच उघडं राहू द्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, अगदी निखारे विझत आले असले तरी. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. झोपलेल्या माणसाला खोकलाही येत नाही. आमच्या एका साइटवर दोन मजूर टपरीत घमेलं पेटवून झोपले होते. सकाळी दार तोडावं लागलं. एकजण वाचला. तेव्हापासून या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही.

एवढं केल्यावर पहाटेचे १६-१७ वरून १९-२० व्हायला हरकत नाही. थंड हवामानातल्या घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये किमान १८ अंशांची शिफारस केली आहे. ७८ व्या वर्षी मी २० धरीन. पण पाच-सातशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि चार दिवस पहाटे सहा, दुपारी तीन, रात्री दहा अशा नोंदी करा. पलंगाच्या उंचीवर ठेवायचा, खिडकीत नाही.

उरलेली थंडी अंथरुणात भागते. इलेक्ट्रिक ब्लँकेट, म्हणजे चादरीखाली अंथरायचं, एका माणसाचं ६० वॅटच्या आसपासचं. आठ तास चालू ठेवलं तरी अर्धं युनिट. युनिटला बारा रुपये धरले तर रात्रीला सहा रुपये. तुमचा हीटर सलग चालला तर तेवढ्याच वेळात १६ युनिट, म्हणजे १९२ रुपये. युनिटचा भाव मी अंदाजाने धरलाय. तुमचा खरा भाव बिलात पाहा. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि १०० नंतरचं युनिट पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतं, त्यामुळे हीटरचं प्रत्येक युनिट तुम्हाला सगळ्यात महाग भावाने मिळतं. बिल का भडकलं याचं उत्तर यात आहे.

ब्लँकेट घेताना आपोआप बंद होणारं आणि आयएसआय खुणेचं घ्या, त्याला घडी घालून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. आईंना मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल तर हे नको, गरम पाण्याची पिशवीही थेट पायाशी नको. भाजलेलं कळत नाही. अशांसाठी झोपण्याआधी अर्धा तास ब्लँकेटने गादी तापवायची आणि अंथरुणात शिरताना प्लग काढायचा. अंगाखाली कापसाची गादी पिंजून घेतलेली असावी. लोक वर दोन दुलया घेतात आणि खाली दबून पापड झालेली गादी ठेवतात, अर्धी ऊब खालून जाते. आणखी एक जुनी युक्ती, शेवटच्या मजल्यासाठी खास: मच्छरदाणी बांधा आणि तिच्या फक्त छतावर एक जाड चादर टाका. निरभ्र रात्री स्लॅब आकाशाकडे उष्णता फेकत सगळ्यात गार होते आणि खाली झोपलेल्या माणसाच्या अंगातली ऊब ओढत राहते. मध्ये चादर आली की ते थांबतं. वाड्यांमधली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, हेच काम करायची.

आणि आईंची अंघोळ सकाळी सहाऐवजी दुपारी बाराला. देवपूजा अडते हे मला ठाऊक आहे. माझ्या आईशी या विषयावर मी दोन हिवाळे हरलो. तिसऱ्या हिवाळ्यात ती स्वतःच म्हणाली, जरा उन्हं येऊ देत.

हीटर लावायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा. कॉइलचा, ब्लोअर, तेलाचा रेडिएटर, सगळे एका युनिटला सारखीच उष्णता देतात. "कमी विजेत जास्त ऊब" लिहिलेल्या खोक्यावर विश्वास ठेवू नका. फरक फक्त ती कुठे आणि कशी मिळते यात. लाल कॉइलचा समोर बसलेल्या माणसाला थेट तापवतो, म्हणून कपडे बदलताना, सकाळी चहा घेताना वीस मिनिटांसाठी तोच बरा. झोपेत चालवायचा तर तेलाचा, कारण उघडी कॉइल नसते आणि थर्मोस्टॅट असतो. दोन हजार वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. तो १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर नाही. २००९ च्या जानेवारीत मी स्वतः, इतका शहाणा असून, सहा अँपिअरच्या बोर्डावर लावला होता. रात्री दीडला प्लास्टिकचा वास आला तेव्हा प्लगची पिन सॉकेटमध्ये वितळून चिकटली होती. तीस वर्षांच्या वायरिंगला वायरमन दाखवून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवा.

थंडीत रोज रात्रभर खोली गरम ठेवणं डॉक्टरांनीच सांगितलं असेल, तर गणित वेगळं. तुमच्या खोलीतून आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकाला साधारण ९० वॅट गळतात: छतातून ३५, दोन बाहेरच्या भिंतींतून ३५, खिडकीतून १२, फटींतून १०. बाहेर १२ आणि आत २० ठेवायचं तर सव्वासातशे वॅट, नऊ तासांचे साडेसहा युनिट, रात्रीला ७८ रुपये, साठ रात्रींचे चार हजार सातशे. अशा वेळी हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी स्वस्त पडतो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत आणतो, आणि पुण्याच्या १० अंशांत एका युनिटला तीनेक युनिटांची उष्णता देतो. खर्च तिसऱ्या हिश्शावर. पण नुसता यासाठी एसी घेऊ नका. उन्हाळ्यासाठी घेणारच असाल तर हॉट अँड कोल्ड घ्या. रिमोटवर सूर्याचं चित्र आहे म्हणून आपला एसी गरम हवा देतो असं समजू नका, एकच रिमोट दोन्ही मॉडेलना देतात. माहितीपत्रकात गरम करण्याची क्षमता वेगळी लिहिलेली असते, ती बघा.

फरशीखाली तारा, भिंतीवर पॅनेल, सौर गरम पाण्याचे पाइप खोलीत, असलं काही कोणी विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. दोन महिन्यांच्या थंडीसाठी नाही ते.

राहिली स्लॅब. वरचे आकडे पुन्हा बघा: ९० पैकी ३५ छतातून. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हा प्रश्नच नाही. घरांसाठीच्या इको निवास संहितेत, २०१८ मध्ये, छताचं यू-मूल्य, म्हणजे दर चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला गळणारे वॅट, जास्तीत जास्त १.२ असावं असं ठरलंय. साध्या पाच इंची स्लॅबचं साडेतीनच्या आसपास असतं, वर विटांचा कोबा असला तरी तीन. दोन इंची एक्सपीएस बोर्ड वर बसवले तर ते ०.५ वर येतं. एक्सपीएस म्हणजे दाबून केलेला पक्का फोम, साधं थर्माकोल नाही. थर्माकोल स्लॅबवर पाणी धरतं आणि पायाखाली दबतं. हे आतून, म्हणजे जिप्समच्या छतावर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा थर, टाकूनही होतं. खोली मग लवकर तापते, कारण वरची तीन टन स्लॅब हिशोबातून बाहेर जाते. फक्त रात्री वापरायच्या एका खोलीला ते ठीक. पण वरून केलेलं मला जास्त आवडतं: स्लॅब स्वतः ऊब धरून ठेवते आणि मे महिन्यात रात्री अकरानंतर छतातून जी वाफ उतरते तीही थांबते.

पण गच्ची सोसायटीची, आणि तिथे नुसतं इन्सुलेशन टाकत नाहीत. वॉटरप्रूफिंग काढून नवं करण्याची वेळ आली की त्याच कामात बोर्ड बसवायचे. आधी जुना कोबा काढायचा, स्लॅब तपासायची, गळती बंद करायची, मग बोर्ड, मग उताराचा स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. जुन्या कोब्यावर नवा थर चढवायला कंत्राटदार तयार असतात, कारण फोडायची मजुरी वाचते; पण दोन इंचाच्या स्क्रीडचंच वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घेतल्याशिवाय हो म्हणू नका. सोसायटी सोलर पॅनेल बसवणार असेल तर आणखी चांगलं, पॅनेलखालची स्लॅब उन्हाळ्यात सावलीत राहते. मात्र बोर्डांचं काम पॅनेलच्या आधी उरकायला हवं.

सभेत विषय मांडताना आईंच्या थंडीचं नाव काढू नका. खालचे तीन मजले म्हणतील, तुमच्या उबेसाठी आमची वर्गणी का? वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्यांचा आणि बोर्डांचा जास्तीचा खर्च शेवटच्या मजल्यावरच्या घरांचा, असा ठराव लिहूनच न्या. सभा एप्रिलमध्ये लावा, दुपारी चारला, गच्चीखालच्या तुमच्याच हॉलमध्ये. पंखा एकवर ठेवा.